नंदीला इंजिन नसावे

त्या वर्षी पिपरखेडीच्या तान्ह्या पोळ्यात पहिला नंबर आमच्या जीपचा आला.

असं काही झालेलं नाही. उत्सव समितीच्या वहीत त्या वर्षी पहिल्या नंबरासमोर कोरी जागा आहे आणि बक्षिसं दुसऱ्या नंबरापासून सुरू होतात. वहीला पुठ्ठ्याचं कव्हर आहे, वर लाल फीत आहे, त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास आहे. तर जे झालं नाही ते कसं झालं नाही, एवढंच सांगतो.

मंगळवारी सकाळी मी दिवाकरभाऊंच्या आवारात पोचलो, तेव्हा केवल जीपसमोर उभा होता. आजूबाजूला दीडशे लाकडी नंदी वाळत होते. दिवाकरभाऊ म्हणजे गावातले नंदी घडवणारे एकुलते एक सुतार, आणि पोळा दोन दिवसांवर आलेला. मुठीएवढ्यापासून वासराएवढ्यापर्यंत सगळे बैल तोंड एकाच दिशेला करून केवलकडे बघत होते. केवल कुणाकडेच बघत नव्हता.

"चाक नाई," तो म्हणाला.

"चार आहेत. मोजली मी."

"वरचं."

मी वाकून आत बघितलं. स्टिअरिंगच्या जागी नुसता लोखंडी दांडा उभा होता.

"पडलं असेल कुठं."

"पडत नाई ते."

केवल दिवाकरभाऊंचा मुलगा. वय अठरा. दिवसभरात तो साधारण चाळीस शब्द बोलायचा, त्यातले तीस लाकडाशी. सकाळी साडेआठलाच त्याचे सहा शब्द आमच्यावर खर्च झाले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

तेवढ्यात संघमित्रा सायकलवरून आली. ती आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला होती. ट्रेडमध्ये एकतीस मुलं आणि ही एक. चार महिने त्या एकतीस जणांनी तिला मशीनपाशी येऊ दिलं नव्हतं. आधी म्हणायचे धूर लागेल, मग म्हणायचे ठिणगी लागेल, शेवटी म्हणायचे नंबर लागेल. शिकली ती आमच्या जीपवर. आमच्या चासीला जिथं जिथं वेल्डिंगची गरज नव्हती, तिथंही तिचं वेल्डिंग आहे.

मी तिसरा. अंकुश. माझ्यावर बहिष्कार वगैरे नव्हता. कॉलेजात एका शोकसभेत मला हसू आलं होतं, तेव्हापासून मला कुणी क्रिकेटला बोलवत नसे, अंपायर म्हणूनही नाही. या दोघांना मी चालायचो. केवल माझ्या विनोदांवर हसायचा नाही, पण थांबवायचाही नाही.

आता जीपबद्दल. ती जंगलखात्याच्या लिलावातली. केवलच्या मामानं तिचं इंजिन विहिरीवर बसवायला घेतली आणि मग विहीरच आटली. पत्रा इतका गंजला होता की वर बसलेली कोंबडी एकदा आत पडली. केवलनं सगळा पत्रा काढून टाकला आणि वर सागवानाची बॉडी चढवायला घेतली. ती नंदी व्हावी असं कुणी ठरवलं नव्हतं. केवलला फक्त पुढच्या दोन दिव्यांना खाचा करायच्या होत्या. पण पाचव्या वर्षापासून त्याच्या हातानं एकच तोंड कोरलं होतं, त्यामुळे दिव्यांचे डोळे झाले. डोळे झाले म्हणून नाकपुड्या आल्या. इंजिन वर येत होतं, ते झाकायला वशिंड झालं. मग शिंगं नसती तर लोकांनी तिला म्हैस म्हटलं असतं.

स्टिअरिंग सगळ्यात शेवटी झालं. मधला लोखंडी तुकडा जुना, दांड्याच्या दात्यांवर तोच एक बसणारा. भोवतीचं कडं चिंचेच्या लाकडाचं, आणि त्यावर केवलनं दोराचा पीळ कोरला होता. त्याला एकवीस दिवस लागले होते. तेच गेलं होतं.

आणि वेळ कमी होता. सागवान दिवाकरभाऊंचं होतं, एका लग्नाच्या दिवाणासाठी आणलेलं. मुलानं त्याचा बैल केल्याचं कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "तान्ह्या पोळ्यात रांगेत नंदी म्हून उभी राहिली, तं तुयी. नाई राहिली, तं शनिवारी मी तिचा दिवाण करतो."

तान्हा पोळा शुक्रवारी होता.

"कोणाचं काम असंन?" संघमित्रानं विचारलं.

उत्तर दहा वाजता आपल्या पायांनी आलं. गोलू आला. ऋषभभाऊंसोबत कायम दोन गोलू असायचे. हा त्यातला पहिला. ऋषभभाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका रंजनाताई यांचे चिरंजीव. वय बावीस. त्यांच्याकडेही जीप होती. तिच्या टपावर अकरा लाइट होते, हॉर्न रेल्वेचा होता, आणि टायर एवढे मोठे की भाऊंना चढायला गोलू स्टूल द्यायचा. जुलैत ती जीप कालव्याच्या चिखलात रुतली. अर्धं गाव बघत होतं. आमची जीप तेव्हा नुसती चासी होती. केवल सीटऐवजी तेलाच्या डब्यावर बसून आला, दोर बांधला, चार मिनिटांत भाऊंना बाहेर काढलं. दोर सोडताना त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "लाइटांचं वजन झालं."

गावात अजूनही कुणाची गाडी बंद पडली की लोक हेच म्हणतात. वैर तिथून सुरू झालं.

"भाऊनं सांगितलं," गोलू म्हणाला, "चाक पाहिजे असंन तं तिघांनी चौकात यायचं. कान धरायचे. म्हणायचं, आमची गाडी भंगार हाये."

"कान कोणाचे धरायचे?" संघमित्रानं विचारलं. "त्याचे असतीन तं आत्ताच येते."

गोलूला याचं उत्तर दिलेलं नव्हतं. तो उत्तर आणायला परत गेला.

"मी दांड्याले पाइप वेल्ड करून देते," संघमित्रा केवलला म्हणाली. "दहा मिनिटांचं काम. पाइप फिरवला का गाडी वळते. दिसाले घाण दिसंन, पण वळते."

केवल दांड्यावरून बोट फिरवत होता. "मंग चाक नाई बसत परत."

"चाक परत येते, असं वाटून राहिलं का तुले?"

"हाव."

"कसं येते? पायानं?"

केवलनं माझ्याकडे बघितलं. मी एका वासराएवढ्या नंदीच्या शेपटीचं निरीक्षण करत होतो.

"येते," तो म्हणाला.

दुपारी आम्ही समितीच्या कार्यालयाबाहेरचा फळा बघायला गेलो. पिपरखेडीत तान्ह्या पोळ्याची स्पर्धा चाळीस वर्षं होत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला लाकडी नंदी दोरीनं ओढत गावभर फिरवतात, संध्याकाळी शाळेच्या मैदानात रांग लागते. फळ्यावर नियम होते:

१. नंदी लाकडाचा असावा.
२. नंदीस चाके असावीत.
३. नंदी दोरीने धरून आणावा.
४. उंचीची मर्यादा नाही.

वयाचं कुणी काही लिहिलेलं नव्हतं. नंदी घेऊन येणाऱ्याला मिसरूड फुटलेलं असेल, ही शक्यता समितीला सुचलेली नसावी.

केवलनं चारही नियम दोनदा वाचले. तिसऱ्याशी तो जरा जास्त थांबला.

"दोरी," तो म्हणाला.

"दोरीचं काय?" मी म्हटलं.

त्यानं जमिनीवर काडीनं पुढची दोन चाकं काढली, प्रत्येकाला एक रेघ जोडली आणि रेघेच्या टोकाला एकेक माणूस काढला. संघमित्रा बघत राहिली. मग तिनं काडी घेतली आणि दोन चाकांच्या मागच्या एका दांड्यावर फुली मारली.

"हा दांडा सोडला का चाकं मोकळी होतात," ती म्हणाली. "एक दोर इकडून, एक तिकडून. ज्याच्याकडं ओढलं त्याच्याकडं वळते. बाप्पा! चालते का पाहू!"

कान धरण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दोन दिवस आम्ही फक्त हेच बघत होतो की चालते का. बुधवारी ती चालली, पण संडासाच्या भिंतीपर्यंत. गुरुवारी पोळा होता, गावातले खरे बैल सजून निघाले होते, आणि आम्ही आवारात एका जीपला डावं-उजवं शिकवत होतो. दिवाकरभाऊ गिऱ्हाइकांना नंदी देता देता तिरप्या नजरेनं बघायचे. एकदा तर एका बाईला मोठ्या नंदीऐवजी हातोडीच दिली.

शुक्रवारी दुपारी तीनला आम्ही निघालो. केवल आत, फक्त क्लच, ब्रेक आणि पहिला गिअर. डावा दोर संघमित्राकडे, उजवा माझ्याकडे. शिंगांना झेंडूच्या माळा, गळ्यात वाजणारी घाटी, पाठीवर केवलच्या आईची हिरवी शाल. केवल आतून ओरडायचा, "डावा!" की संघमित्रा ओढायची. "उजवा!" की मी.

आम्हाला वाटलं होतं लोक हसतील. पहिल्याच गल्लीत एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नंदी दारात आला की घरातल्या बाईनं त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि आणणाऱ्याला बोजारा द्यायचा, म्हणजे खाऊ किंवा भेट. हे ती म्हातारी सत्तर वर्षं करत आली होती. ती जीपभोवती एक फेरी फिरली.

"पाय कोणते रे याचे?"

"चारही, आजी."

"पुढच्या पायात हवा कमी दिसते," ती म्हणाली, आणि टायर धुतले.

नंतर सगळी गल्लीच बाहेर आली. पोरं विचारत होती, हा काय खातो. एका बाईनं रेडिएटरच्या तोंडाशी पुरणपोळी धरली. एक काका खाली वाकून बराच वेळ काहीतरी बघत होते. उठून म्हणाले, "खोंडच हाये," आणि समाधानानं निघून गेले. तासाभरात आमच्याकडे सतरा बिस्किटांचे पुडे आणि एक नारळ जमला.

बाजारपेठेच्या तोंडाशी हवालदारानं हात केला.

"लायसन?"

संघमित्रानं दोर घट्ट धरला. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून कुंकवाचं ताट घेतलेली एक बाई पुढं झाली.

"नंदीले लायसन मागते का रे? सणाच्या दिवशी?"

हवालदारानं जीपच्या डोळ्यांत बघितलं. मग त्यानं टोपी काढली, नमस्कार केला आणि दुसऱ्या बाजूची वाहतूक थांबवली.

मैदानाचा रस्ता रंजनाताईंच्या घरावरून जात होता. दुसरा रस्ता नव्हता, आणि मी तो तीन दिवस शोधला होता.

फाटकासमोर पोरांची रांग होती. ताई दरवर्षी तिथं प्रत्येक नंदीची पूजा करायच्या, शेजारी फोटोग्राफर. आमची जीप वळणावर दिसली तसे ऋषभभाऊ रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. डावीकडे एक गोलू, उजवीकडे दुसरा.

"माघारी घ्या," भाऊ म्हणाले.

केवलनं डोकं बाहेर काढलं. "रिव्हर्स पडत नाई."

लोकांना वाटलं केवल उलटून बोलला. खरं म्हणजे तो धमकी देत नव्हता. आमच्या जीपला रिव्हर्स गिअर खरोखरच पडत नसे.

"नंदी हाये म्हणे हा! इंजिन असते का बे नंदीले? एक वेल्डिंगवाली, एक मुका, अन् एक जोकर. वरात कोणाची हाये?" भाऊ हसले. गोलू हसले. "गोलू, दोर घे रे तिच्या हातचा."

दुसऱ्या गोलूनं संघमित्राचा दोर पकडून जोरात ओढला. ज्याच्याकडं दोर ओढावा त्याच्याकडं नंदी वळतो, हे गोलूला कुणी सांगितलं नव्हतं. जीप घुरघुरत त्याच्याकडे निघाली. गोलू दोर ओढत मागं पळाला, त्यामुळे जीप आणखी त्याच्याचकडे. शेवटी तो नाल्याच्या कठड्यावर चढला, तरी दोर सोडेना.

"सोड ना बे दोर!" संघमित्रा ओरडली. "तूच बोलावून राहिला त्याले!"

केवलनं ब्रेक दाबला. शिंग गोलूच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं. सगळी रांग हसली. भाऊंचा चेहरा बदलला.

"लाकूडच हाये ना? पेट्रोल आण रे. आत्ता पेटवतो."

पहिला गोलू खरंच फाटकाकडे वळला. संघमित्रा जीपच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. "आण. मी रोज आगीतच काम करते. आण ना."

केवल खाली उतरून तिच्या शेजारी उभा राहिला. मी उजवा दोर धरून जिथं होतो तिथंच होतो. तिथं माझ्यावर वशिंडाची सावली पडत होती आणि मी त्या सावलीएवढाच उरलो होतो.

"काय चाललं तिथं? पुढं येऊ द्या नंदीले!" रंजनाताईंचा आवाज आला. त्या ताट घेऊन चालतच आल्या, मागून फोटोग्राफर आणि गल्लीतल्या वीसपंचवीस बाया. सकाळपासून शंभर नंदी झाले होते. ताईंनी वर न बघताच टायरवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग बघितलं. फोटो तोवर निघाला होता.

"बाप्पा! केवढा हा!" त्या म्हणाल्या. "बोजारा काय देऊ रे नंदीवाल्या?"

केवल म्हणाला, "चाक."

"कोणतं चाक?"

"आमचं. ऋषभभाऊकडं हाये."

"खोटं बोलून राहिला, आई," भाऊ शांतपणे म्हणाले. "माझ्याजवळ चाकबिक काही नाई. कोणी पाहिलं? सांगा म्हणा. पुरावा द्या म्हणा."

कुणी काहीच पाहिलं नव्हतं. ताई बायांकडे वळून म्हणाल्या, "सणाच्या दिवशी कोणावर आळ घेऊ नये, बाळा. दुसरं काही माग." आणि त्यांनी केवलच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. अठरावा.

केवलनं पुडा बाकीच्या सतरांवर ठेवला. त्याचे त्या दिवसाचे शब्द संपत आले होते.

माझ्याकडे त्या क्षणासाठी एक चांगला विनोद तयार होता. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

"आहे, ताई," मी म्हटलं. "तुमच्या पुढच्या खोलीत शोकेस आहे. त्याच्या वर, ट्रॉफ्यांच्या मागं. लाल टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. टॉवेल आमच्या घरचा आहे."

"तुले काय माहीत?" ताईंनी विचारलं.

"मीच आणून ठेवलं. सोमवारी."

घाटी वाजायची थांबली. ती वाऱ्यानं वाजत होती, त्यामुळे तो योगायोग असावा.

सोमवारी संध्याकाळी भाऊंनी मला पानठेल्यावर हाक मारली होती आणि बसायला खुर्ची दिली होती. मी त्यांना सांगितलं की आमच्या गाडीचं स्टिअरिंग काढलं तर ती खरंच बैल होते, मग दोघांनी दोरानं ओढत न्यायची. ते हसले. दोन्ही गोलू हसले. पानवाला हसला. मी केवलची नक्कल केली, संघमित्राची केली. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मग ते म्हणाले, आणून दाखव बरं ते चाक, गंमत करू. आणि मी आणलं. पंधरा मिनिटं मी पिपरखेडीतला सगळ्यात आवडता माणूस होतो. कुणी मला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. फक्त हसले होते.

हे मी तिथं सगळं बोललो की थोडंच, आठवत नाही. संघमित्रानं घातलेली हाताची घडी सुटली तेवढं आठवतं.

ताईंनी आधी माझ्याकडे, मग बायांकडे, मग फोटोग्राफरकडे बघितलं. वॉर्डाची निवडणूक सहा महिन्यांवर होती.

"ऋषभ," त्या म्हणाल्या, "आण."

"आई, यानंच तं..."

"नंदीनं मागितलं हाये. आण."

भाऊंनी आणलं. टॉवेलसकट. केवलनं दोन्ही हात पुढं केले तेव्हा, आईच्या डोळ्यांच्या धाकानं, भाऊंना जीपला नमस्कारही करावा लागला. त्यांचं कपाळ बंपरला लागलं. गोलूंनीही केला, तीन-तीन वेळा, कारण किती वेळा करायचा ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

केवलनं खिशातून नट काढला आणि चाक बसवायला घेतलं. मी बाजूला उभा होतो.

"माहीत होतं," तो वर न बघता म्हणाला.

"कधीपासून?"

"मंगळवार."

"कसं?"

"नट पुसून, तेल लावून फळीवर ठेवला होता. गोलू फेकून देते."

"मग बोलला का नाहीस?"

यावर त्यानं नट आवळला. दोनदा.

खाली संघमित्रा रस्त्यावर उताणी पडून सोडलेला दांडा परत जोडत होती, सणाच्या नव्या ड्रेसवर. जीपखालून तिचा हात पान्यासाठी बाहेर आला. मी त्यावर पाना ठेवला. हात तसाच राहिला, पाना धरला नाही. थोड्या वेळानं केवलनं तो पाना उचलून दुसरा ठेवला, तेव्हा हात आत गेला.

मैदानापर्यंत केवलनं जीप चाकानं नेली. संघमित्रानं डावा दोर नियमापुरता धरला, उजवा मोकळा लोंबत होता. मी मागून बिस्किटं घेऊन चालत होतो.

पुढचं वहीत नाही. माइकवरून पहिला नंबर म्हणून आमचं नाव पुकारलं गेलं, बक्षीस दप्तर आणि कंपास. तीन मिनिटांनी माइकवरून पुकारलं गेलं की आत्ता जे पुकारलं ते पुकारलेलं नाही. समितीत भांडण झालं, टेबल पडलं, कंपास हरवला. पण तोवर सत्तावन्न नंदींच्या रांगेत अठ्ठावन्नावा उभा होता आणि दिवाकरभाऊ त्याच्याभोवती फिरत होते. बोटानं सांधे चाचपत होते. शेवटी म्हणाले, "वशिंड दोन बोटं मागं पाहिजे होतं," आणि घरी जाऊन बाभळीचा दिवाण करायला घेतला. पुढच्या वर्षी फळ्यावर पाचवा नियम आला: नंदीला इंजिन नसावे.

याला बारा वर्षं झाली. केवल नागपुरात जुन्या गाड्यांना लाकडी बॉडी करून देतो, लोक रांग लावतात, आणि तो त्यांच्याशी बोलत नाही. संघमित्रा पुण्याला बस बांधण्याच्या कारखान्यात वेल्डरांची सुपरवायझर आहे. तिच्या हाताखाली एकतीस मुलं आहेत, मी मोजायला सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलते. वाढदिवसाला फोन करते, माझ्या विनोदांवर हसतेसुद्धा. पण भेटलो आणि जीपखाली काम निघालं, तर आजही पाना ती केवलकडेच मागते. मी शेजारी बसलेलो असतो.

मी तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. परवा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून स्वतःचा एक लिहिला, आत जाऊन दिला. आवक क्रमांक मिळाला आहे.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,

विषय : एक सोमवार रद्द करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे सादर करतो की, सोमवार, दिनांक २ सप्टेंबर २०१३ रोजी सायंकाळी सहा ते सव्वासहा या वेळेत मौजे पिपरखेडी येथील पानठेल्यावर अर्जदार हजर होता. सदर पंधरा मिनिटे पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावीत, व तसा लेखी दाखला कु. संघमित्रा यांना परस्पर पाठवण्यात यावा. पंधरा मिनिटे रद्द करणे नियमात बसत नसल्यास, अर्जदारास देण्यात आलेली खुर्ची तरी रद्द करावी. अर्जदार उभा राहण्यास तयार आहे.

सोबत कागदपत्रे : नाहीत.

योग्य तो आदेश व्हावा, ही विनंती.